लाईव्ह बँडच्या ड्रमसेटला माईक कसे लावायचे: नव्यानं साऊंड करणाऱ्यांसाठी

माईकची पेटी उघडायच्या आधी हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहा आणि ड्रमरला त्या कार्यक्रमातलं सर्वांत जोरकस गाणं दोन मिनिटं वाजवायला सांगा. स्पीकर बंद, माईक एकही नाही. काय ऐकू येतं ते नीट ऐका. दोन-तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) आणि झांजा आपल्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. टॉम, म्हणजे बाकीचे लहान-मोठे ड्रम, अर्धेमुर्धे पोचतात. किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, नुसता ‘टक्’ ऐकू येतो. छातीवर बसणारा धक्का स्टेजवरच राहून जातो. माईकनं काय आणायचं ते इथेच ठरतं: किक जवळजवळ पूर्ण, टॉम थोडे, स्नेअर गरजेपुरता, आणि झांजा बहुधा नाहीतच.

जे प्रेक्षकांपर्यंत आपोआप जात नाही तेवढंच माईकनं पोचवायचं. नवीन मुलांच्या हातात सात माईकांचा संच आला की सातही लागतात, मिक्सरवरचे सातही फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) वर जातात, आणि मग गायिकेचे शब्द का कळत नाहीत याचा शोध सुरू होतो. लहान हॉलमध्ये पाच माईक पेटीतच ठेवणं हा अगदी योग्य निर्णय असू शकतो.

खालची सगळी मापं एका नेहमीच्या सेटसाठी आहेत: २२ इंची किक, १४ इंची स्नेअर, १० आणि १२ इंची दोन टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम, हाय-हॅट (पायानं उघडबंद होणारी झांजांची जोडी), आणि दोन क्रॅश, एक राईड या मोठ्या झांजा. ड्रमर उजव्या हाताचा. डावखुरा असेल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं करा.

जागा बघून माईक मोजा

शंभर-दीडशे माणसांचा कॅफे किंवा कॉलेजचं छोटं सभागृह असेल तर किकला एक माईक, बस. फार तर स्नेअरला एक लावून ठेवा आणि फेडर खाली ठेवा. ब्रश किंवा क्रॉस-स्टिकचं (काठी आडवी ठेवून रिमवर, म्हणजे ड्रमच्या कडेवर, मारायचं) हळू गाणं आलं की तो लागेल.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहात चार माईकांत काम सुंदर होतं: किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर लावलेले माईक. टॉमवर भर असलेली गाणी असतील तर टॉमचे माईक वाढवा.

उघड्या मैदानाचं गणित वेगळं. भिंती नाहीत, छत नाही, आवाज परत फिरवून देणारं काहीच नाही. स्टेजसमोर दहा-पंधरा पावलांवर कानठळ्या बसवणारा सेट पन्नास पावलांवर पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो. तिथे प्रत्येक ड्रमला स्वतःचा माईक हवा. गणेशोत्सवाचं स्टेज, कॉलेज फेस्टिव्हलचं मैदान, गोव्यातला उघड्यावरचा कार्यक्रम, सगळीकडे हेच.

आधी ड्रम, मग माईक

वाईट लागलेला ड्रम माईकमधून चांगला होत नाही, फक्त मोठा होतो. म्हणून पहिली पंधरा मिनिटं ड्रमरबरोबर घालवा. हे त्याचं वाद्य आहे, हात लावण्याआधी विचारा. ‘दादा, फ्लोअर टॉम जरा घुमतोय, एकदा बघू या का?’ असं विचारलं की बहुतेक ड्रमर खूश होऊन स्वतःच ड्रम-की काढतात.

स्किनचा प्रत्येक बोल्टजवळचा सूर सारखा आहे का ते कडेला बोटानं टकटक करून बघा. एक बोल्ट ढिला असला तरी टॉम ‘बुंऽवांऽव’ असा डुलतो, आणि तो डूल मिक्सरवरच्या कुठल्याही इक्यूनं (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या बटणांनी) जात नाही. जास्तच घुमत असेल तर स्किनच्या कडेला कापडी टेपची छोटी घडी किंवा ड्रमचा जेल चिकटवा. थोडाच. पूर्ण मेलेला ड्रम मैदानात कार्डबोर्डसारखा लागतो.

किकच्या आत छोटी उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा. ती मारायच्या बाजूच्या स्किनला जेमतेम टेकली तरी पुरे. पेडल कुरकुरत असेल तर तेलाचा एक थेंब आत्ताच. स्नेअरच्या खालच्या तारा टॉम वाजवल्यावर किती सळसळतात तेही ऐकून ठेवा. थोडी सळसळ राहणारच.

आता खालची जमीन. मांडवाचं स्टेज म्हणजे लोखंडी फ्रेमवर टाकलेल्या प्लायच्या फळ्या. किक वाजली की सगळा पोकळ डबा घुमतो, आणि किकच्या माईकचा स्टँड त्याच फळीवर असेल तर तो घुमारा पायातून चढून माईकमध्ये येतो. ड्रमखाली जाड गालिचा मागा. डेकोरेटर सतरंजी देईल, पण सतरंजी प्लायवरून सरकते आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत किक हातभर पुढे गेलेली असते. सतरंजीच मिळाली तर तिच्या चारही कडा टेपनं स्टेजला चिकटवा आणि किकच्या पुढच्या पायांसमोर एक लाकडी पट्टी ठोकून घ्या. माईकच्या स्टँडखाली फोमचा तुकडा ठेवा.

सेट एकदा बसला की गालिच्यावर प्रत्येक स्टँडच्या पायाशी टेपची खूण करा. मध्ये कोणी काही हलवलं तर माईकचं अंतरही बदलतं.

कुठला माईक कुठे

स्नेअर आणि टॉमला डायनॅमिक माईक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारे. स्नेअरसाठी शुअर एसएम ५७ हा १९६५ पासूनचा माईक अजूनही जगभरच्या स्टेजवर दिसतो. तो दणकट आहे, त्याच्यावर काठी बसली तरी बहुधा चालू राहतो. टॉमसाठी रिमला अडकणारे सेनहायझर ई ६०४ सारखे छोटे माईक सोयीचे, कारण स्टँडची गर्दी होत नाही. ते नसतील तर गायनाचे एसएम ५८ टॉमला लावा, काम चालतं.

किकला मात्र खालचे सूर पकडणारा माईक हवा: शुअर बीटा ५२ए, एकेजी डी ११२, ऑडिक्स डी ६ यांपैकी काहीही. साऊंडवाल्याकडून एकच खास माईक मागायची मुभा असेल तर तो किकचा मागा.

ओव्हरहेडला बारीक दांड्याचे कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारे नाजूक माईक. त्यांना मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फॅन्टम (माईकच्या केबलमधूनच जाणारा वीजपुरवठा) लागतो. कोकणात, गोव्यात किंवा डिसेंबरच्या रात्री मैदानात दव पडतं तेव्हा कंडेन्सर ओलसर होऊन चरचरतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि लावेपर्यंत माईक पेटीबाहेर काढू नका. एक चांगली गोष्ट अशी की ड्रमची प्लास्टिकची स्किन दमट हवेत ढोलकीच्या चामड्यासारखी उतरत नाही.

किक: थोडा जास्त वेळ द्या

लावायचा क्रम असा ठेवा: किक, ओव्हरहेड, स्नेअर, टॉम, आणि शेवटी गरज वाटली तर हाय-हॅट.

पुढच्या स्किनला सहसा चार ते सहा इंचांचं भोक असतं. त्यातून माईक आत घाला आणि ड्रमरला सांगा, ‘फक्त किक. एक-एक. सावकाश. मी थांबा म्हणेपर्यंत.’ सहकाऱ्याला माईक हलवायला सांगून तुम्ही हेडफोन लावून मिक्सरपाशी बसा. माईक आत, मारायच्या स्किनपासून वीतभर अंतरावर आणि थेट बीटरच्या (पेडलच्या हातोड्याच्या) समोर असेल तर ‘टक्’ जास्त येतो, धक्का कमी. हळूहळू मागे घ्या: टक् मऊ होतो, पोट भरत जातं. भोकाच्या तोंडाशी आला की धक्का भरपूर, पण प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत कॅप्सूलवर (माईकच्या आवाज पकडणाऱ्या भागावर) आदळून ‘फप्प’ असा आवाज मिसळतो. तिथून दोन-तीन बोटं आत सरकवा. आणि बीटरच्या रेषेतून जरा बाजूला वळवा, म्हणजे टक् टोचत नाही.

या अर्ध्या फुटाच्या प्रवासात आवाज जेवढा बदलतो, तेवढा इक्यूची सगळी बटणं फिरवूनही बदलत नाही. पाच मिनिटं इथे खर्च करा.

साधारण नियम सांगायचा तर: वेगवान गाणी, जोरदार गिटार, डबल पेडल असेल तर माईक आत, बीटरकडे, कारण गर्दीतून टक्च बाहेर येतो. मधल्या लयीची भावगीतं, ब्लूज, जुनी हिंदी गाणी असतील तर भोकाकडे.

भोक नसेल तर माईक पुढच्या स्किनसमोर चार बोटांवर, मध्यापासून थोडा बाजूला धरा. टक् कमी मिळेल. तो हवाच असेल तर ड्रमरच्या बाजूला, बीटरजवळ दुसरा छोटा माईक लावून त्याचा फेज उलटा करून, म्हणजे मिक्सरवर त्याची आवाजाची लाट उलटवून, बघा. दुसऱ्याच्या पुढच्या स्किनला स्वतः भोक पाडायच्या फंदात पडू नका.

किकच्या आत उशीवर ठेवायचे शुअर बीटा ९१ए सारखे सपाट माईकही असतात. स्टँड लागत नाही, टक् स्वच्छ येतो. ते कंडेन्सर असतात, फॅन्टम विसरू नका. केबल भोकातून बाहेर काढून किकच्या पायाला बांधा, नाहीतर ओढ बसून माईक फिरतो.

ओव्हरहेड: दोरीनं मोजा

दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. कारण असं: आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एक माईक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असेल तर स्नेअरचा तोच ठोका त्याच्यात एक मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही एकत्र मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे स्नेअरच्या अंगातलाच आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. स्नेअर पोकळ, नाकातून बोलल्यासारखा ऐकू येतो. पुष्कळ जण मग इक्यूत काहीतरी वाढवत बसतात, तर दोष अंतराचा असतो.

म्हणून एक दोरी घ्या, किंवा माईकचीच केबल वापरा. एक टोक स्नेअरच्या मध्यावर कोणाला तरी धरायला सांगा, दुसरं पहिल्या माईकच्या तोंडाशी न्या, तिथे चिमटीत धरा, आणि तीच चिमूट दुसऱ्या माईकपाशी न्या. दोन्ही जुळले की स्टँड घट्ट करा.

उंची? स्टुडिओत दोन्ही माईक बरेच वर ठेवतात. इंग्लंडचे रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत तर प्रसिद्धच आहे: एक माईक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या पलीकडे बाजूला, दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर. नाट्यगृहात चार माईकांत काम करताना ती वापरून बघा, ड्रमसेटचं अख्खं चित्र मिळतं. स्टेजवर गिटारचे अँप, मॉनिटर (वादकांना ऐकण्यासाठीचे स्पीकर), सगळं बाजूलाच असेल तर एवढ्या उंचीवर माईक सगळ्या बँडचा आवाज गोळा करतो. तेव्हा झांजांच्या दीड-दोन फुटांवर खाली आणा, तोंड झांजेकडे वळवा, आणि पाठ मॉनिटरकडे जाईल असं बघा. गोंगाट फारच असेल तर माईक झांजेखालून वर तोंड करूनही लावतात.

बूम स्टँडचा एक पाय बूमच्या खाली, त्याच दिशेनं असू द्या, म्हणजे स्टँड पुढे कलंडत नाही. मैदानात वारा असेल तर पायावर वाळूची पिशवी आणि माईकवर फोमची टोपी.

स्नेअर

माईक हाय-हॅट आणि छोट्या टॉमच्या मधल्या फटीतून आत आणा. रिमच्या वर दोन बोटं, आत एक बोट, तोंड खाली तिरकं, स्किनच्या मध्याकडे. आणि त्याची पाठ हाय-हॅटकडे. कार्डिऑईड माईक मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून हॅट बरोबर पाठीमागे आली की तिची चुरचुर निम्म्यानं उतरल्यासारखी वाटते. माईक सुपरकार्डिऑईड असेल तर त्याची बहिरी जागा सरळ मागे नसते, मागच्या दोन्ही बाजूंना, तोंडापासून साधारण १२५ अंशांवर असते. त्याला थोडं तिरकं फिरवून ती जागा हॅटवर आणा. हेडफोन लावून, ड्रमरला फक्त हॅट वाजवायला सांगून हे करा. माईक चार अंगुळं फिरवताच हॅट कुठे नाहीशी होते ते स्पष्ट कळतं.

मग ड्रमरला रिमशॉट (स्किन आणि रिमवर एकदम बसणारा ठोका) मारायला सांगा, क्रॉस-स्टिक मारायला सांगा, टॉमवर एक फिरकी घ्यायला सांगा. काठी माईकच्या जवळून जाते का बघा. ड्रमर माईक चुकवत वाजवायला लागला तर कितीही चांगला आवाज आला तरी जागा चुकलेली आहे. हलवा.

खालच्या तारांची कुरकुरी हवी असेल तर खालून दुसरा माईक. पण त्याचा फेज उलटा करायलाच हवा: काठी बसते तेव्हा वरची स्किन वरच्या माईकपासून दूर जाते, आणि त्याच क्षणी खालची स्किन खालच्या माईककडे येते. दोन्ही माईक उलट गोष्ट सांगत असतात. मिक्सरवरचं तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाचं बटण दाबलं की दोघांचं जुळतं. पहिल्या काही कार्यक्रमांत खालचा माईक नसला तरी अडत नाही.

टॉम आणि हाय-हॅट

टॉमला क्लिपचा माईक ड्रमरच्या पलीकडच्या बाजूला, रिमपासून दोन-तीन बोटं वर, तोंड स्किनच्या मध्याकडे. झांजेच्या अगदी खाली माईक असेल तर क्रॅश टॉमच्या चॅनलमधून धाडकन येते. ड्रमर हो म्हणाला तर झांज दोन इंच उंच करा, फरक मोठा पडतो. चॅनल कमी असतील तर दोन छोट्या टॉमच्या मधोमध एकच माईक थोडा वर धरून लावा.

हाय-हॅट स्नेअरच्या आणि ओव्हरहेडच्या माईकमधून आपसूक येते. तिला स्वतंत्र माईक द्यायचाच असेल तर वरून, बाहेरच्या कडेवर रोखून लावा. बाजूनं, दोन झांजांच्या फटीसमोर धरू नका, बंद होताना तिथून हवेचा झोत निघतो.

केबल, वीज आणि नावं

चॅनल लिस्ट कागदावर लिहा आणि एक प्रत स्टेजवर, एक मिक्सरवर चिकटवा. नेहमीचा क्रम: १ किक, २ स्नेअर, ३ हॅट, ४-५-६ टॉम, ७-८ ओव्हरहेड. दर वेळी तोच ठेवला की अंधारातही बोट बरोबर फेडरवर जातं. मल्टीकोरच्या (सगळ्या माईकचे आवाज मिक्सरकडे नेणाऱ्या जाड केबलच्या) स्टेजवरच्या डब्याला प्रत्येक एक्सएलआर, म्हणजे माईकची केबल, लावताना टेपच्या तुकड्यावर नाव लिहून केबलच्या दोन्ही टोकांना गुंडाळा.

केबल खोचताना-काढताना ते चॅनल म्यूट. फॅन्टम चालू असताना म्यूट न करता कंडेन्सर काढला तर स्पीकरमधून बंदुकीसारखा आवाज निघतो. प्रत्येक स्टँडच्या पायाशी केबलचा एक वेढा सैल सोडा. आणि जमिनीवर कापडी गॅफर टेप वापरा. खोक्यांची तपकिरी टेप उन्हात वितळून केबलवर चिकट थर सोडते.

जनरेटरवरच्या कार्यक्रमात लाईटवाल्याशी आधी बोलून घ्या. साऊंडची वीज डिमरच्या (लाईट मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राच्या) लाईनपासून वेगळी हवी आणि अर्थिंग नीट हवं. माईकच्या केबली लाईटच्या केबलीला समांतर नेऊ नका. ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

सगळं जोडल्यावर सहकारी एकेक माईक बोटानं हलकेच वाजवेल आणि नाव घेईल, तुम्ही ते चॅनल बघाल. फुंकर मारू नका, थुंकीची वाफ कॅप्सूलला चांगली नसते.

गेन, फेज, इक्यू

गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमध्ये किती मोठा घ्यायचा ते, ठरवताना ड्रमरला साऊंडचेकच्या ताकदीनं वाजवू देऊ नका. ‘दादा, शेवटच्या गाण्याचा शेवट वाजवा, लोक समोर आहेत असं समजून.’ डिजिटल मिक्सरवर सर्वांत जोरातला ठोका उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान आला की पुरे. गर्दी समोर आली की हात आणखी जड होतो, त्यासाठी ही मोकळी जागा लागते.

मग फेज. किक आणि ओव्हरहेड एकत्र वर करा, ओव्हरहेडच्या दोन्ही चॅनलचं फेजचं बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐका. ज्या स्थितीत खालचा आवाज जास्त भरतो ती ठेवा. तसंच स्नेअर आणि ओव्हरहेडचं. बटण एक, परिणाम लगेच कानाला कळणारा, तरी बहुतेक नवे लोक हे करतच नाहीत.

इक्यूत आधी काढा, मग वाढवा. ओव्हरहेडला खालचं २०० ते ३०० हर्ट्झपर्यंत कापा, फक्त झांजांसाठी असतील तर ४००-५००. हॅटला ४०० पर्यंत. स्नेअरला १०० पर्यंत. किकमध्ये खोक्यासारखा आवाज ३००-४०० हर्ट्झला बसलेला असतो, तो उतरवा. धक्का ६०-८० ला, बीटर ३ ते ५ किलोहर्ट्झला. टॉममध्येही ४०० च्या आसपास थोडं काढलं की ते मोकळे होतात. स्नेअरचं अंग २०० ला, घंटेसारखी रिंग ८००-१००० ला, चटका ५ किलोहर्ट्झला. हे आकडे शोध सुरू करायच्या जागा आहेत. शेवटी कान सांगेल तिथे थांबा. बेस गिटार ८०-१०० च्या भागात भरलेला असेल तर किकला त्याच्या खाली, ६० च्या जवळ जागा द्या, दोघेही ऐकू येतील.

गेट (ठरावीक जोराखालचा आवाज बंद करणारी सोय) फक्त टॉमला आणि हवं तर किकला लावा. फ्लोअर टॉम बेस गिटारच्या सुरानंही आपोआप गुणगुणत राहतो. गेटनं तो गप्प होतो. पण होल्ड आणि रिलीज (गेट किती वेळ उघडा राहतो आणि किती सावकाश मिटतो ते) लांब ठेवा, म्हणजे टॉमची शेपूट तुटणार नाही. स्नेअरचा गेट टाळा. ड्रमर मधले जे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके घेतो त्यांच्यात त्याच्या वादनाचा जीव असतो, आणि घट्ट गेट नेमके तेच गिळतो. कॉम्प्रेसर (जोरातले ठोके आपोआप दाबणारी सोय) वापरायचा तर किकला दाबण्याचं प्रमाण ४:१, अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, तीन-चार डेसिबल खाली यावं एवढाच.

बँड आला की

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ड्रमच्या शेजारी ऑक्टोपॅड असतो आणि दोन हातांवर ढोलकी किंवा तबला. ऑक्टोपॅडला माईक नको, डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर थेट मिक्सरला जोडून देणाऱ्या डबीतून) दोन चॅनल घ्या. ऑक्टोपॅडमधले वेगवेगळे पॅच (साठवलेले आवाज) फार कमी-जास्त आवाजाचे असतात, तेव्हा ड्रमरला त्या दिवशीचे सगळे पॅच एकदा वाजवायला लावा आणि त्यालाच सारखे करायला सांगा.

ढोलकीची अडचण खरी आहे. तिचा माईक नाजूक आवाजासाठी उघडलेला असतो आणि त्यात शेजारची क्रॅश सरळ घुसते. ढोलकीवाल्याला ड्रमपासून लांब, शक्यतो स्टेजच्या दुसऱ्या बाजूला बसवा आणि त्याच्या माईकची पाठ ड्रमकडे करा. जागा नसेल तर झांजांच्या बाजूला अॅक्रिलिकची पारदर्शक भिंत मागा. लावणीच्या कार्यक्रमात ढोलकी पुढे आणि ड्रम मागे हेच बरोबर. तिथे किक सोडून ड्रमचा एकही फेडर वर जाण्याची गरज पडत नाही.

गायकाचा माईक ड्रमच्या बरोबर पुढे असतो आणि स्नेअर त्यातही येतो. न वापरले जाणारे गायनाचे माईक म्यूट ठेवा. ड्रमसेटचा आवाज स्वच्छ व्हायला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा महागड्या माईकचाही होत नाही.

ड्रमरच्या मॉनिटरमध्ये किक, बेस आणि गायन द्या. ओव्हरहेड कुणाच्याही जमिनीवरच्या मॉनिटरमध्ये पाठवू नका, शिट्टी तिथूनच सुरू होते.

वेळ कमी असेल तर

मूड इंडिगोसारख्या कॉलेज फेस्टिव्हलच्या बँड स्पर्धेत एकामागून एक बँड चढतात आणि सेट बदलायला मिनिटं मोजून मिळतात. अशा वेळी किक, स्नेअर, एक ओव्हरहेड एवढं आधी लावून आवाज आला याची खात्री करा. टॉम पहिल्या गाण्यातही जोडता येतात. सगळ्या बँडना एकच सेट वापरायला लावता आला तर माईक हलवावेच लागत नाहीत, फक्त स्टूल आणि स्नेअरची उंची बदलल्यावर तेवढा माईक तपासा.

उघड्यावरच्या कार्यक्रमाची वेळ मागून मोजा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपला दिवस त्यात आहे का ते आयोजकांना परवानगीच्या कागदावरून विचारा. नसेल तर सगळं दहाला बंद, म्हणून साऊंडचेक उन्हातच सुरू करावा लागतो. पावसाची शक्यता असेल तर प्लास्टिकच्या पिशव्या स्टँडजवळ ठेवा.

कार्यक्रम संपला की आधी मास्टर खाली, सगळे चॅनल म्यूट, मग फॅन्टम बंद. पहिले ओव्हरहेड उतरवा, कारण ड्रमर झांजा काढायला लागला की स्टँडला धक्के बसतात. नंतर टॉमच्या क्लिपा, स्नेअर, शेवटी किक. माईक कोरड्या कापडानं पुसून पेटीत ठेवा आणि क्लिपा मोजा: काळोखात त्या टॉमलाच अडकून ड्रमरच्या पिशवीत जातात. चेमटलेली क्लिप किंवा आटे गेलेला स्क्रू दिसला तर त्यावर लगेच टेप गुंडाळून बाजूला काढा, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला जायच्या आधी बदलता येईल.